पंचेचाळीस

आपला प्रोसेसर कंपनीने दिला त्याच गतीने चालतो, हे मला चारचौघांत सांगवत नसे. त्यात आपलं कर्तृत्व काय? याचं मूळ १९९८मध्ये आहे. त्या वर्षी सेलेरॉन ३००ए नावाची स्वस्त चिप आली. मदरबोर्डवरची बस ६६वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली की ३००ची चिप चक्क ४५०ने पळायची. होस्टेलातल्या एका मित्राने ते जमवलं आणि त्या दिवसापासून तो दारातून जरा तिरका होऊन आत येऊ लागला. छाती मावत नव्हती. माझ्या मशीनला ते जमलं नाही. हा सल मी तेरा-चौदा वर्षं नीट जपून ठेवला.

म्हणून २०११ची आय-फाइव्ह २५००के घेतली. यातला 'के' महत्त्वाचा. के म्हणजे गुणकाचं कुलूप उघडं. १०० गुणिले ३३, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्‌झ, हा कंपनीचा हिशेब. ३३च्या जागी काय घालायचं ते मालकाने ठरवावं. मी ४५ ठरवलं.

"याने काय होईल?" बायकोने विचारलं.

"सगळं लवकर होईल."

"पण अहो, तुम्ही टाइप एका बोटाने करता."

या मुद्द्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी थर्मल पेस्ट आणायला बाहेर पडलो. ती वाटाण्याएवढीच लावायची असते. मी पुरणपोळीवर तूप सोडावं तशी सोडली.

सुरक्षित रीत तशी सोपी आहे. गुणक एकेकाने वाढवायचा, दर वेळी ताण देऊन बघायचं, तापमानावर नजर ठेवायची आणि व्होल्टेजला अगदीच नाइलाज झाला तर हात लावायचा. मी ही रीत इतरांना फार सुरेख समजावून सांगतो. स्वतः पहिल्याच फटक्यात ४८ टाकलं. पडदा काळा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटं थांबलो, तेव्हा मशीन झालं गेलं सगळं विसरलं. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ही सोय नाही.

मग शहाण्यासारखा एकेक पायरी चढत ४५ला पोचलो, पण व्होल्टेज १.२वरून १.३५ करावं लागलं. इथेच गोम आहे. उष्णता गतीच्या पटीत वाढते आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. गती छत्तीस टक्के वाढली, उष्णता जवळजवळ पावणेदोनपट. त्यात परदेशी पठ्ठे ज्या ७० अंशांची बढाई मारतात ते २० अंशांच्या खोलीतले. पंखा आणि हीटसिंक कितीही भारी लावा, खोलीच्या हवेपेक्षा थंड ते काही करू शकत नाहीत. आणि माझी खोली नागपुरात, वर स्लॅब, महिना मे.

हवेपेक्षा थंड करणारी एकच वस्तू आमच्या घरात होती, आणि ती बाबांची होती. बाबांच्या कूलरबद्दल थोडं सांगायला हवं. गुढी उतरली की ते माळ्यावरून पंप काढत, त्याला तेलपाणी करत, पत्र्याला रंग देत आणि वाळ्याच्या ताट्या स्वतः बांधत. बाजारची तयार ताटी त्यांना चालत नसे; विरळ असते म्हणत. पाणी ताटीभर सारखं झिरपलं पाहिजे, एक पट्टा जरी कोरडा राहिला तर तिथून झळ येते. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, चार म्हणजे चारच, नाहीतर खोली दमट होते. पहिल्या दिवशी वाळ्याचा वास सुटला की ते कूलरसमोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसत. चाळीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता एखाद्या नवाबाचा भाव असे. त्या जागेवरून त्यांना आईसुद्धा उठवत नसे.

तर त्या रात्री मी प्राइम९५ लावला. हा प्रोग्राम खरा मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी बनलेला, पण आमच्या जमातीत तो छळासाठी वापरतात. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं प्रोसेसरकडून तासन्‌तास करून घ्यायची. एक जरी चुकलं तरी चिप अस्थिर. पडद्यावर ८६ अंश.

"हे काय शिजवून राहिला?" बाबा मागे उभे.

मी समजावलं. जास्त पळवली की चिप बंद पडतेच असं नाही, कधी नुसती चुकीची उत्तरं देते, म्हणून तपासायचं.

"आमच्या ऑफिसात होता असा एक. भरभर करे आणि चुकवे. त्याले बढती भेटली."

मी झोपलो. पहाटे चारला जाग आली ती थंडाव्यानं. खोलीत वाळ्याचा वास. बाबांनी कूलर त्यांच्या पलंगाकडून वळवून कॅबिनेटकडे केला होता. पडद्यावर ७६ अंश, एकही चूक नाही. ते स्वतः गच्चीवर सतरंजीवर झोपले होते, छातीवर ओला पंचा. पंचा केव्हाच वाळला होता.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. मला राग आला होता. वय वर्षं शहात्तर, आणि मे महिन्यात हे असलं. कुणावर ओरडावं ते मात्र कळेना.

सकाळी ते रोजच्यासारखे मीटरचा आकडा वहीत उतरवत होते. "दीड युनिट जास्त गेलं," म्हणाले. "पास झाला का तो?"

"झाला."

"मंग ठीक."

मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, गुणक ३३वर आणला, व्होल्टेज होतं तसं केलं आणि कूलर पलंगाकडे फिरवून खिडकी मोजून चार बोटं उघडली. दुपारी त्या होस्टेलातल्या मित्राचा फोन आला.

"कितीवर गेला मग?"

"पंचेचाळीस," मी म्हणालो. बाहेर होतंच तेवढं.