मिसळीला जावास्क्रिप्ट कशाला?

वेबसाइट बनवणाऱ्या माणसाला कधीही वेबसाइट दाखवू नये. तो ती बघतच नाही, तिच्या आत काय काय कोंबलंय ते बघतो. तुम्ही मोठ्या कौतुकाने मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं पान उघडून लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवता. फोटोत मुलगी नऊवारी नेसून, नथ घालून उभी. आणि हा गृहस्थ एफ-ट्वेल्व्ह दाबून बाजूला उघडलेल्या खिडकीतली लाल अक्षरं वाचत बसतो. 'चोवीस एरर,' तो म्हणतो. 'आणि हा एक फोटो सात एमबीचा. चौकात फ्लेक्स लावायचाय का?' मुलगी कशी दिसते, यावर अवाक्षर नाही. फारच आग्रह केला तर म्हणतो, 'क्रॉप चुकलाय.'

आमच्या ओळखीतल्या अशा एका गृहस्थांना आम्ही सगळे शास्त्रीबुवा म्हणतो. आडनाव वेगळंच आहे, पण सोवळं-ओवळं एवढं कडक की दुसरं नाव शोभलं नसतं. वय पंचेचाळिशीचं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून एचटीएमएल शिकलेली जी पिढी आहे, तिच्यातले. दिवसा हिंजवडीत नोकरी, रात्री कोथरूडच्या घरी किरकोळ कामं, आणि मधल्या वेळात, म्हणजे वाकडच्या ट्रॅफिकमध्ये, इंटरनेटवर राग.

हा राग बघायचा तर बुवांबरोबर मिसळ खायला जावं. हल्ली टेबलाच्या काचेखाली क्यूआर कोड चिकटवलेला असतो. बुवा वरची तर्री पुसून तो स्कॅन करतात. पांढऱ्या पडद्यावर एक चक्र फिरू लागतं. मग हॉटेल बुवांचं लोकेशन मागतं. बुवा ज्या हॉटेलात बसलेत, तेच हॉटेल विचारतं की तुम्ही कुठे आहात! मग 'नोटिफिकेशन पाठवू का?' मग कुकीज. मग 'आमचं ॲप घ्या, दहा टक्के सूट.' शेवटी मेन्यू उघडतो आणि त्यात तीन ओळी निघतात: मिसळ, दही मिसळ, ताक.

'तीन पदार्थ!' बुवा कडाडतात. 'तीन ओळींसाठी चार एमबी! मी विचारतो, मिसळीला जावास्क्रिप्ट कशाला?'

वेटर शांतपणे फडकं खांद्यावर टाकतो. 'ते आपल्याकडे नाही मिळत, काका. जादा शेव देऊ का?'

बुवांच्या मते इंटरनेटचं सत्ययुग फार थोडा काळ टिकलं. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना कागदावर मांडली आणि १९९१ मध्ये पहिली वेबसाइट लोकांपुढे आली. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंका, संपलं. ते पान आजही त्याच्या जुन्या पत्त्यावर बघायला मिळतं. बुवा अधूनमधून ते उघडतात, तेही चपला काढून उघडल्यासारखे. 'बघा, फोनवर नीट दिसतं,' ते सांगतात. 'तेव्हा स्मार्टफोन नव्हते, तरी दिसतं. आणि आमच्या कंपनीची फोनसाठी मुद्दाम बनवलेली साइट फोनवर दिसत नाही.'

त्यांच्या पुराणात कलियुग लागतं ते मे १९९५ मध्ये. त्या महिन्यात नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. 'दहा दिवसांत आपल्याकडे गणपती येतो आणि विसर्जनही होतं,' बुवा म्हणतात. 'यांचं विसर्जनच राहिलं.' मग पुरावे सुरू होतात. या भाषेत 'काहीच नाही' या गोष्टीचा प्रकार विचारला तर उत्तर येतं 'ऑब्जेक्ट', म्हणजे काहीतरी आहे. शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन केलं की शून्य दशांश तीन येतं आणि पुढे शून्यांची लांब रांग संपल्यावर शेवटी एक चार उभा असतो. हा दुसरा दोष एकट्या जावास्क्रिप्टचा नाही. अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवणाऱ्या बहुतेक भाषांत तो आहे, आणि हे बुवांना पक्कं ठाऊक आहे. पण भांडण रंगात आलं की बारीकसारीक तपशिलात ते शिरत नाहीत.

ब्राउझरवर त्यांचा विश्वास नाही, कारण सगळे ब्राउझर खोट्या नावाने फिरतात. नव्वदच्या दशकात काही साइट्स आपलं चांगलं पान फक्त नेटस्केपला दाखवत, आणि नेटस्केप सर्व्हरला आपली ओळख 'मोझिला' अशी सांगे. म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही तेच नाव सांगायला सुरुवात केली. पुढे जो आला त्याने मागच्यांची नावं आपल्या नावापुढे जोडली. २००८ साली आलेला क्रोम आजही सर्व्हरच्या दारात उभा राहून आधी मोझिला म्हणवतो, मग ॲपलवेबकिट, मग गेकोसारखा, मग क्रोम, आणि जाता जाता सफारी. 'यातलं एकच नाव त्याचं,' बुवा सांगतात. 'आणि हा आम्हाला विचारतो की तुम्ही रोबो नाही ना!'

कुकीच्या पाट्यांवर त्यांचं वेगळं व्याख्यान आहे. युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, त्यानंतर या पाट्यांना ऊत आला. कायद्याचा हेतू असा की माणसाला 'नको' म्हणता यावं. कंपन्यांनी 'हो' ला हिरवंगार बटण दिलं आणि 'नको' तीन दारांमागे करड्या अक्षरांत लपवलं. बुवा मात्र जिद्दीने तीन दारं ओलांडून एकेक खूण काढतात. एकदा त्यांनी असं सगळं नाकारून एका बातमीचं पान उघडलं, तर ती बातमी त्यांनी आधीच वाचलेली होती.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 'डार्क पॅटर्न'चे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. त्या दिवसापासून बुवांच्या हाती कोलीतच आलं. न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणं, खोटी घाई लावणं, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणं. हे प्रकार त्यांना आता घरीदारी दिसू लागले आहेत. सासूबाई ताटात तिसरी पुरणपोळी वाढताना 'नको म्हणताय म्हणजे आमच्या हातचं आवडलं नाही वाटतं' म्हणाल्या, तेव्हा बुवा गंभीरपणे म्हणाले, 'आई, हे कन्फर्म शेमिंग झालं. तेरातलं एक.' सासूबाईंनी त्यावर तूप ओतलं. पोळीवर.

एवढं सगळं असलं तरी बुवांना राग नेमका कशाचा, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. मग एकदा एक्सएचटीएमएलचा विषय निघाला. एचटीएमएलचा स्वभाव मुळातच माफ करण्याचा. तुम्ही टॅग उघडलात आणि बंद करायला विसरलात, एकाच्या पोटात दुसरा वेडावाकडा घुसवलात, तरी ब्राउझर निमूट सावरून घेतो आणि पान दाखवतो. विसाव्या शतकाच्या शेवटी काही जाणत्यांना वाटलं, हे लाड बस झाले. एक्सएचटीएमएल आलं. नियम तंतोतंत पाळायचे. एका ठिकाणी चूक झाली की ब्राउझरने पानाऐवजी त्या चुकीचा निरोप दाखवायचा. बुवा तेव्हा ऐन विशीत होते. त्यांनी आपल्या प्रत्येक पानाच्या तळाशी 'शुद्ध एक्सएचटीएमएल'चा बिल्ला अभिमानाने लावला. जगाने लावला नाही. २००९ साली वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्या शिस्तीच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम थांबवायचं जाहीर केलं आणि ढिसाळ एचटीएमएल पाचव्या आवृत्तीकडे ऐटीत चालू लागलं.

बुवा अजून त्या सुतकात आहेत. एवढी वर्षं ज्या माध्यमावर त्यांचं पोट चाललं, ते माध्यम कोणाच्याही चुका पोटात घालतं आणि त्यांना मात्र एकही चूक पोटात घालवत नाही. त्यांचं सगळं दुखणं यात आलं.

या कडकपणाला शोभा येते ती मराठीच्या कामात. तिथे बुवांचा हात धरणारा नाही. एका कंपनीच्या मराठी ॲपचं डिझाइन त्यांच्याकडे आलं होतं. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून डिझायनरने अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली होती. तोच नियम मराठीला लागला आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. बुवांनी मला पडदा दाखवला. 'महाराष्ट्र' या शब्दावरची रेघ पावसाळ्यानंतरच्या रस्त्यासारखी जागोजाग उखडली होती. ओळीची उंचीही इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे बटणांवरचे रफार आणि वेलांट्या वरून छाटलेल्या. 'दुसऱ्या'मधला र साधा टाइप केलेला, म्हणून त्याचा रफार होऊन य च्या डोक्यावर चढलेला. आणि ल, श हिंदी वळणाचे.

बुवांनी बाह्या सरसावल्या. अक्षरांमधली जागा शून्य केली. ओळींना उंची दिली. र च्या जागी नुक्त्याचा ऱ घातला. मग पानाच्या अगदी वरच्या ओळीत गेले. तिथे भाषेच्या खुणेत हिंदीचं 'एचआय' होतं, ते खोडून मराठीचं 'एमआर' लिहिलं. त्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं होती. खूण बदलताच पानभरचे ल आणि श एकदम मराठी झाले. 'दोन अक्षरं!' बुवा म्हणाले. 'दोन अक्षरं टाकायला कोणाला सवड नव्हती.' त्या संध्याकाळी त्यांनी कोणालाही शिव्या दिल्या नाहीत. चहाच्या टपरीवरच्या यूपीआयच्या पाटीकडेही प्रेमाने बघितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली. त्या दिवशी लेफ्ट-पॅडचं आख्यान लागलं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरचा पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि त्याने रागाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सामायिक कोठारातली आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक पिल्लू होतं. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकामी जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. ते गेलं आणि जगभरातल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडून बसली, कारण सगळ्यांनी कोणावर तरी विसंबून कोणावर तरी विसंबलेल्या कोणाकडून तरी ते उसनं घेतलेलं होतं. 'शून्य भरता येत नाही यांना!' बुवा सांगतात. 'अकरा ओळी स्वतः लिहायला काय होतं?'

त्यांना काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. बुवांची स्वतःची एक वेबसाइट आहे. जेक्वेरीच्या जमान्यात ती जेक्वेरीत सुरू झाली. अँगुलर आलं तशी अँगुलरमध्ये गेली. २०१३ नंतर रिॲक्टमध्ये. मग 'हे सगळं थोतांड आहे' म्हणून पुन्हा साध्या एचटीएमएलमध्ये, आणि ते साधं एचटीएमएल तयार करायला आणखी एक नवं साधन. एवढ्या जन्मांत मजकूर मात्र तोच राहिला: 'लवकरच येत आहे.' वहिनी एकदा म्हणाल्या, 'अहो, निदान फोन नंबर तरी टाका. कामं येतील.' बुवा म्हणाले, 'आधी पाया पक्का होऊ दे.'

गेल्या लग्नसराईआधी त्यांच्याकडे एका मंगल कार्यालयाचं काम आलं. बुवांनी ठरवलं, या एका पानात आपला सगळा सिद्धान्त उतरवायचा. कार्यालयाचं नाव, पत्ता, किती पानं उठतात, पार्किंग आहे की नाही, आणि खाली ठळक अक्षरांत दोन फोन नंबर. कुकी नाही, पॉप-अप नाही, जावास्क्रिप्टचा थेंब नाही. पान टिचकीसरशी उघडे.

मालकांनी ते पाहिलं. वरखाली केलं. उलटून मागे काही आहे का, अशा नजरेने फोनकडे पाहिलं.

'एवढंच?'

'एवढंच लागतं, काका.'

'अहो, हे तर आमच्या पावतीपुस्तकासारखं दिसतंय. समोरच्या कार्यालयाच्या साइटवर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. सनई वाजते.'

'ब्राउझर आता आपणहून आवाज वाजू देत नाहीत.'

'मग आपण पाकळ्या दुप्पट करू,' मालक म्हणाले. 'आणि खरं सांगू का, या एवढ्याशा पानाचे एवढे पैसे द्यायला माझा हात होत नाही.'

बुवांचा सगळा सिद्धान्त या वाक्यापाशी आडवा झाला. गोष्ट जितकी साधी, तितकं तिचं बिल करणं अवघड; इंटरनेट जाड का झालं याचं हे उत्तर त्यांनी एवढ्या वर्षांत कधी विचारात घेतलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे पाकळ्या टाकल्या. वर पाच फोटोंचा स्लायडर टाकला. वधूवरांच्या नावांसह उलटं मोजणारं घड्याळ टाकलं. मालकांनी चेक लगेच दिला, वर पेढे दिले.

महिनाभराने मालकांचा फोन आला. साइट सगळ्यांना आवडते, पण पाकळ्या नेमक्या फोन नंबरावर येऊन साचतात, लोकांना नंबर दिसत नाही. काळजी करू नका, त्यांनी स्वतःच तोडगा काढला होता: व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरवायला सुरुवात केली होती आणि बुकिंग त्यावरून धडाक्यात चालू होतं.

बुवांनी तो मेसेज मला दाखवला. कार्यालयाचं नाव, पत्ता, किती पानं उठतात, पार्किंग, खाली दोन नंबर.

'हे माझंच पहिलं पान आहे,' बुवा म्हणाले. 'फक्त याचे पैसे मला मिळाले नाहीत.'