बाळ कुठल्या रकान्यात भरायचं?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. मारणारी बाई तिला सांभाळायला ठेवलेलीच होती. घरच्यांना बाळाच्या अंगावर खुणा दिसल्या, प्रकरण पोलिसांत गेलं आणि पाळणाघरातल्या सीसीटीव्हीचं चित्रण देशभरच्या वाहिन्यांनी पुनःपुन्हा दाखवलं. अटका झाल्या. मग सरकारला एक शोध लागला: पाळणाघर नावाची चीज राज्यात गल्लोगल्ली आहे, पण ती नेमकी कुठल्या खात्याची, हे कुणालाच ठाऊक नाही.

महापालिकेला विचारावं, तर खारघर ज्या पनवेल महापालिकेत येतं ती १ ऑक्टोबर २०१६ ला जन्मलेली. बाळ दहा महिन्यांचं, महापालिका दोन महिन्यांची. दोघींत बाळच थोरलं.

उपाय मात्र लगोलग सापडला. कॅमेरे बसवा! मंत्री, पोलीस, पालक, वाहिन्यांवरचे तज्ज्ञ, सगळ्यांचं यावर एकमत. त्या पाळणाघरात कॅमेरा होता, चालू होता आणि म्हणूनच तर सगळं कळलं, एवढी किरकोळ बाब तेवढी नजरेतून सुटली. कॅमेरा बाईकडे बघत होता; कॅमेऱ्याकडे बघायला कुणी नव्हतं. एका बाईच्या अंगावर किती पोरं होती, तिला कामावर घेताना कुणी काय विचारलं होतं, ती दमली की तिच्या जागी कोण उभं राहणार होतं, हे प्रश्न भिंतीला स्क्रूने ठोकता येत नाहीत. त्यामुळे ते मागे पडले.

पाळणाघर काढायला कागद कोणता लागतो, हे जाणून घेण्यासारखं आहे. पाळणाघर चालवणाऱ्या बहुतेकींकडे असतं ते गुमास्ता लायसन्स. किराणा दुकानाला, झेरॉक्सवाल्याला, मोबाइलची काच बदलून देणाऱ्याला जे लागतं, तेच. त्यातही राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने व्यवसाय सुलभ केला: दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीची गरज राहिली नाही, नुसतं ऑनलाइन कळवायचं. झेरॉक्सवाल्यासाठी ही चांगलीच सोय. पण एका मावशीनं दोन बायका हाताशी घेऊन पंधरा पोरं सांभाळायची म्हटली, तर कायद्याच्या दृष्टीने ती झेरॉक्सवाल्याचीच बहीण. फरक एवढाच, की झेरॉक्स बिघडली तर दुसरी काढता येते.

आता कुणी म्हणेल, पाळणाघरांवर कायदेच नाहीत असं कसं? आहेत की, रग्गड आहेत. फक्त त्यांना बाळ दिसायला आधी डोकी मोजावी लागतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त कामगार स्त्रिया असतील तर पाळणाघर लागायचं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं जमली, की त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई असायची. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पुरुषही हिशेबात धरले: पन्नास कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार फेऱ्यांची मुभा. पुढे कामगार संहिता आल्या, तरी पन्नासचा आकडा जागचा हलला नाही.

म्हणजे ऐरोलीच्या एखाद्या ऑफिसात एकोणपन्नास माणसं असतील, तर त्यांची बाळं कायद्याला अदृश्य. पन्नासावा माणूस रुजू झाला, की एकोणपन्नास जणांची बाळं फटकन दिसू लागतात. तो राजीनामा देऊन गेला की पुन्हा अंधार. आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही बाळ असतं, पण तिचा आकडा एकच. एक हा आकडा कुठल्याच कायद्यात नाही.

राहिलं शिक्षण. एप्रिल २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. चांगलंच केलं. पण ही नोंदणी तीन ते सहा वयोगटाची. त्याआधी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्लेस्कूलसाठी नियमावली काढली होती, तीही तीन ते सहाचीच. केंद्राने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांचे किमान निकष काढले, पण ते वरच्या पन्नासवाल्या कायद्यापोटी, म्हणजे मालकाने नोकरदारांसाठी चालवायच्या पाळणाघराचे. ज्या घटनेवरून एवढा गदारोळ झाला, ते बाळ होतं दहा महिन्यांचं. त्याने नियमात बसायचं ठरवलं असतं, तर आणखी दोन वर्षं दोन महिने थांबावं लागलं असतं.

खातेवाटपही बघण्यासारखं आहे. बाळाचं पोट महिला व बालविकास खात्याकडे, डोकं शालेय शिक्षणाकडे, त्याला उचलणारे हात कामगार खात्याकडे, ते ज्या खोलीत झोपतं तिचा मालमत्ता कर आणि अग्निसुरक्षा महापालिकेकडे. आणि शू झाली, तर मावशीकडे.

नेरुळ, कामोठे, घणसोली, कोपरखैरणे, कुठल्याही वसाहतीतली अशी एक मावशी डोळ्यांसमोर आणा. तळमजल्याची वन बीएचके. हॉलमधला सोफा कधीच गावी गेलेला. त्या जागी सतरंजी, तिच्यावर गोधड्या. दुपारचा दीड. ओट्यावर सात डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पेनने नाव. दोन आरव आहेत, म्हणून एकावर ‘आरव, चष्मेवाली आई’. एक पोर मांडीवर, दुसरं पदराला धरून, फोन कानाला. पलीकडून आई विचारतेय, वरण खाल्लं का. मावशी म्हणते, खाल्लं. थोडं भिंतीनेही खाल्लं, हे ती सांगत नाही.

मावशीकडे शंभर पानी वही असते. तिच्या पहिल्या पानावर सहसा असलं काही सापडतं:

ताप असेल तर पोराला आणू नका. इथे चढला तर फोन करू, दोन तासांत न्यायचं.

औषधाच्या बाटलीबरोबर डॉक्टरची चिठ्ठी हवी. तोंडी सांगितलेलं चालणार नाही.

रोजचं माणूस सोडून दुसरं कुणी न्यायला आलं, तर आधी आईशी बोलणार, मग दार उघडणार. सख्खा काका असला तरी.

रांगती पोरं तीनच. चौथं हवं असेल तर दुसरी बाई मिळेपर्यंत थांबा.

ही चार वाक्यं मंत्रालयात गेली तर त्यांची चाळीस पानं होतील आणि चौथं वाक्य कुठल्यातरी परिशिष्टात जाऊन झोपेल. खरं तर सगळा कायदा त्या चौथ्या वाक्यातच आहे. एका बाईला दोन हात असतात, हे संशोधन मावशीने स्वखर्चाने पुरं केलेलं आहे. पण तिला कुणी विचारायला येत नाही. येतो तो सोसायटीचा सेक्रेटरी, पोरांच्या रडण्याने ज्येष्ठ नागरिकांची दुपारची झोप मोडते हे सांगायला.

सांभाळणाऱ्या बायकांनी नियम करणाऱ्यांच्या खोलीत शिरल्याशिवाय हे बदलत नाही, आणि याला महाराष्ट्रात चांगला पुरावा आहे. मुळात ‘अंगणवाडी’ हा शब्दच कुठल्या समितीने शोधलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आधी काम, मग शब्द. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली ती कितीतरी नंतर, आणि तिने आपल्या गावोगावच्या केंद्रांना नाव दिलं तेही अंगणवाडीच.

पुढे सरकारला अंगणवाडी चालवणाऱ्या बायकांचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांना नोकर म्हणण्याचा उद्धटपणा त्याने कधी केला नाही. त्या ‘मानसेवी’. त्यांना पगार नाही, मानधन. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, सव्वीस दिवस अंगणवाड्यांची कुलपं उघडली नाहीत, तेव्हा कुठे मानधन वाढलं. आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना मेस्मा लावला. नोकर नसलेल्या बायकांना अत्यावश्यक सेवेचा कायदा! पगार मागायला गेल्या तर स्वयंसेविका, संपावर गेल्या तर राज्याचा गाडा ज्यांच्यावाचून अडतो त्या. विधानसभेत इतका गोंधळ झाला, की सत्तेत सोबत असलेल्या शिवसेनेचेच आमदार राजदंडावर धावून गेले. मुख्यमंत्र्यांना मेस्मा स्थगित करावा लागला.

नंतर आला मोबाइल. पोषणाची माहिती आता ॲपवर भरायची. फोन असा, की ॲप उघडलं की गरम, फोटो काढला की बंद. ॲप इंग्रजीत. आदिवासी पाड्यावरच्या सेविकेने वजनाच्या नोंदी इंग्रजी रकान्यांत भरायच्या, म्हणजे कुपोषण कमी होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यात ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. टेबलावर फोनांचे ढीग लागले. यापेक्षा स्पष्ट ‘हरकती व सूचना’ राज्याच्या इतिहासात क्वचितच दाखल झाल्या असतील. ॲप पुढे मराठी शिकलं.

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात सांगितलं, की यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते वाक्य हातात घेतलं आणि ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस संप केला. २०२४ च्या शरद ऋतूत मानधन सेविकेला तेरा हजार आणि मदतनिसाला साडेसात हजार झालं. कुणी मायेने दिलं, असं म्हणणाऱ्यांनी आझाद मैदानातल्या बायकांना एकदा विचारावं.

पैशाची बाब निघालीच आहे, तर राष्ट्रीय पाळणाघर योजनाही बघून घ्यावी. २०१७ पासून तिचा खर्च असा वाटला गेला: साठ टक्के केंद्र, तीस टक्के राज्य, दहा टक्के चालवणारी संस्था. पंचवीस मुलं, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे सव्वीस दिवस. सांभाळणाऱ्या बाईला महिना तीन हजार, मदतनिसाला दीड हजार. दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून महिना वीस रुपये शुल्क. ही योजना आखणाऱ्या खोलीत पाळणाघर चालवणारी एक जरी बाई असती, तर तिने एकच प्रश्न विचारला असता: साहेब, तीन हजारांत तुमची पोरं कोण सांभाळतं? २०२२ मध्ये योजनेचं नाव बदलून ‘पाळणा’ ठेवण्यात आलं.

पण असं सगळीकडेच नाही. अहमदाबादेत सेवा संस्थेच्या बायकांनी १९८६ मध्ये मुलं सांभाळणाऱ्यांची ‘संगिनी’ ही सहकारी संस्था काढली. पाळणाघर चालवणाऱ्या बायका तिच्या सभासद. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या बायकांना २००५ मध्ये राज्याशी एकत्रितपणे वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. तिथे दर किती असावा, हे आता समोरासमोर बसून ठरतं. आपल्याकडच्या मावश्या समोरासमोर बसतात त्या लोकलमध्ये, आणि तेही जागा मिळाली तर.

याला एक पोटशंकाही आहे, ती लपवून उपयोग नाही. नियम करायला पाळणाघरवाल्यांना बोलावलं, तर येणार कोण? मोठ्या साखळीचे प्रतिनिधी. त्यांच्याकडे सादरीकरण असतं, वकील असतो, रंगीत छताचे फोटो असतात. त्यांच्या सांगण्यावरून नियम झाला, तर तो असा होईल: प्रति बालक इतके चौरस फूट, स्वतंत्र क्रीडांगण, अग्निशमनाचा दाखला, व्यापारी गाळा. खारघरमध्ये व्यापारी गाळ्याचं भाडं ज्यांना परवडतं, त्यांची फी ज्यांना परवडते, त्यांचीच बाळं सुरक्षित. उरलेल्या मावश्या बंद पडणार नाहीत. त्या पाटी काढून आत जातील. पाटी नसलेलं पाळणाघर तर कुठल्याच पोर्टलला सापडत नाही. आणि मालकीण आली तरी आया येईलच असं नाही. बाळाला दिवसभर हातात घेणारी तीच. तिचा पगार, तिची सुट्टी, तिचं प्रशिक्षण यावर मालकिणीने बोलायचं म्हणजे परीक्षा आईने द्यायची आणि निकाल पोराचा लावायचा.

तरीही समजा, सरकारने उद्या शून्य ते तीन वयाच्या पाळणाघरांचा मसुदा काढला. राजपत्रात छापला. तीस दिवसांत हरकती व सूचना मागवल्या. सुनावणी ठेवली मंगळवारी सकाळी अकराला, बेलापूरला. मंगळवारी सकाळी अकराला मावशी कुठे असते, हे त्या मसुद्याच्या लेखकाला माहीत असेल का? त्याचं स्वतःचं पोर त्या वेळी तिच्याचकडे असेल, तर कदाचित असेलही.

म्हणून संबंधित खात्यांना एक नम्र विनंती. कुठलं खातं संबंधित आहे ते ठरलं, की मग तरी वाचा. सुनावणी रविवारी ठेवा. मसुदा साध्या मराठीत द्या आणि चार दिवस आधी द्या. मालकिणी आणि आया, दोघींना वेगवेगळं बोलवा. आणि सभागृहाशेजारच्या खोलीत एक सतरंजी, चार गोधड्या आणि पाण्याचा माठ ठेवा. रविवारी काही पालकांना ड्यूटी असते, त्यांची पोरं सांभाळायला मावशी घरी नसेल. ती आत, तुमच्यासमोर बसलेली असेल.