किती परस?

जर्मनीहून मेल आला: ‘समरमध्ये दोन महिने संशोधनाला येऊ का?’ नांदेडला समर म्हणजे मे महिना. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, कुत्रीसुद्धा टाकीखालून हलत नाहीत. ‘बाळा, भाजून निघशील,’ एवढंच जरा सभ्य इंग्रजीत कळवलं. उत्तर आलं, ‘समर म्हणजे जून-जुलै.’ त्यांचा उन्हाळा आमच्या पावसाळ्यात येतो! पोरगं छत्री घेऊन आलं. मृग कोरडा गेला, आर्द्राही. म्हणजे समर मिळाला तो मिळालाच.

परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांत यजमानानं त्याच्या माहितीचा फॉर्म भरायचा असतो. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार. लेकीचं स्थळ बघताना मी एवढी चौकशी केली नव्हती.

त्याचा विषय भूजल, म्हणून लातूर. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, हे त्यानं वाचलं होतं. मी विहिरी दाखवायला निघालो, तर हा म्हणे आधी स्टेशन दाखवा. राहायला खोली मिळाली ती क्लासच्या पोरांनी भरलेल्या घरात. घरमालकीणबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, “नीटला किती पडले याला?” लातुरात माणसाची ओळख इथूनच सुरू होते. मी म्हटलं, “त्यांच्याकडे नीट नसते.” बाईंना त्याची फार दया आली. संध्याकाळी निलंगा राईसचं ताट वर गेलं.

औसा तालुक्यात एका मामांची विहीर होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, मामांच्या आबांनी पहारीनं फोडलेला.

“मामा, किती खोल?”

“आठ परस.”

परस म्हणजे काय, ते मामांनी दोन्ही हात वर करून दाखवलं. पोरानं लगेच टेप लावला, पायाच्या तळव्यापासून हाताच्या बोटांपर्यंत. दोन मीटर दहा. मग त्याला शंका आली: विहीर आबांनी खोदली, तर परस आबांचा धरायला हवा. आबांची उंची किती? मामी आतून फोटो घेऊन आल्या. फोटो छातीपर्यंतच.

“सर, काय करायलंय हे?” मामांनी हळूच विचारलं. मी भूशास्त्राचा प्राध्यापक. मलाही सांगता येईना.

शेवटी दोरीला वजन बांधून तळ गाठला. साडेपंधरा मीटर. पोरानं भागाकार केला: परस एक मीटर चौऱ्याण्णव. “म्हणजे आबा बुटके होते,” मी भाषांतर केलं.

मामांचा चेहरा उतरला. मग भडकले. “आबा माझ्यापरीस हातभर उंच व्हते! दारात वाकून यायचे.” थोडा वेळ विहिरीत बघत राहिले. “गाळ हाय खाली. दीड मीटर तर हायच, जास्तीच आसंल.”

दोन दिवसांनी लोखंडी सळई खुपसून पाहिली. सळई दोन मीटर सरळ आत गेली, मग खडक लागला.

अहवाल गेल्या महिन्यात आला. तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीप आहे: एकक, परस (आबा).