खर्रासाहेबांच्या सेवेशी, भामरागडहून

राजमान्य राजेश्री खर्रासाहेब,
मुक्काम : पानठेला आणि ज्याच्या त्याच्या शर्टाचा खिसा.



आपली संगत सुटली, पण आभार मानायचे राहिले. हे पत्र खुलं लिहितोय, कारण आपले भक्त आमच्या तालुक्यात घरोघरी आहेत.

सर्वप्रथम आपल्या निष्ठेला वंदन. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. भाजी संपते, पेपर येत नाही, आलापल्लीकडची गाडी अडकते. आपण मात्र कुठल्या ना कुठल्या ठेल्यावर हजर.

कायद्याशी आपली वागणूकही किती सौजन्याची! राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखूवरही घातली. आपण वाद घातला नाहीत; सुपारी, तंबाखू, चुना घेऊन पन्नीत घोटले जात राहिलात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे दारू निदान लपवावी तरी लागते. आपली पन्नी साक्षगंधात पाहुण्यापुढे आणि मयतीत खांदेकऱ्यांपुढेही उघड धरली जाते. नाही म्हणणारा माणूसच तिथे उद्धट ठरतो.

आपल्या औदार्याला तर तोड नाही. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोग आणते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केल्याला वीस वर्षं होऊन गेली. आपण दोन्ही एकाच पुडीत देता. मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही देता. मग गालाची आतली कातडी पांढरी पडून ताठ होते, तिखट सोसत नाही, तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. गाठ निघाली की आईबाप जमीन गहाण टाकून नागपूरची वाट धरतात. अशी सेवा कोण करतो?

माझ्यावरचे आपले उपकार मात्र वेगळे. ते कळायला आपल्याला सोडावं लागलं.

सर्च ही संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तिपथ या व्यसनमुक्ती उपक्रमाच्या क्लिनिकात मी गेलो. दिवसाला किती खर्रे, याचं उत्तर घेऊन गेलो होतो. समुपदेशकाने विचारलं, ‘कधी खाता?’ आठवडाभर लिहून आणायला सांगितलं. लिहिलं, आणि साहेब, आपली सगळी कृपा कागदावर उतरली. वरिष्ठ बोलले, खर्रा. बायकोने पैशाचं विचारलं, खर्रा. गेलेल्या भावाची आठवण आली, खर्रा. भूक लागली तरी खर्राच. राग, लाज, दुःख, भूक, सगळ्यांवर आपण एकच बोळा कोंबत होतात.

ग्रामसभेत तेंदूच्या पैशाचा विषय निघाला तेव्हा मला बोलायचं होतं. तोंड भरलेलं होतं. थुंकून परत येईस्तोवर ठराव झाला होता. मी स्वतःला शांत स्वभावाचा समजत आलो होतो. मी शांत नव्हतो, मला बोलायची भीती वाटत होती. ती भीती आपण इतकी वर्षं जपून ठेवलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

सोडल्यावर पहिले तीन दिवस आपण विरह चांगलाच जाणवू दिलात. डोकं ठणकलं, झोप उडाली, लेकरांवर ओरडलो. नंतर कळलं, तलफ येते आणि काही मिनिटं तग धरला की ओसरते. तेवढ्या वेळात मी स्वतःला विचारतो : आत्ता नेमकं काय झालंय? बहुतेक वेळा कुणाशी तरी बोलायचं राहिलेलं असतं. मग मी बोलायला जातो. भावाबद्दल आईशी बोललो. ती रडली, मीही रडलो. आपण असतात तर हे घडू दिलं नसतं.

आपण पुन्हा बोलावणार, हे जाणतो. तलफ अजून येते. फक्त आता ती कशाच्या आडून येते, ते मला दिसतं. तेव्हा कृपा करून माझी वाट पाहू नये.

आता आपला नसलेला,
भामरागडचा एक माजी भक्त

ता. क. साहेबांसाठी नाही, वाचणाऱ्या भावाबहिणींसाठी : ज्याने खर्रा सोडलाय, त्याच्यापुढे आग्रहाने पन्नी धरू नका. पाहुणचार करायचाच असेल तर चहा द्या, आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.