हंगाम नारीशक्तीचा

सातारा-सांगलीत उसाला जसा गळीत हंगाम, तसा नारीशक्तीलाही असतो. तो 3 जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीला, सुरू होतो आणि 8 मार्चला, महिला दिनी, धुराडी थंडावतात. सावित्रीबाई 1831 साली जन्मल्या ते नायगाव सातारा जिल्ह्यातलेच, त्यामुळे इथल्या वक्त्यांच्या अंगात जरा जास्तच येते. ‘आपण सगळ्या सावित्रीच्या लेकी’ हे वाक्य बहुधा एखादे आबा नाहीतर दादा म्हणतात. सरपंचताई कडेच्या खुर्चीवर. मध्यभागी त्यांचे यजमान, पद ‘सरपंचपती’. राज्यघटनेच्या कोणत्या कलमात हे पद आहे, ते अजून कुणी दाखवलेले नाही.

पंचायतींत महिलांसाठी जागा राखणारी 73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. महाराष्ट्राने 2011 मध्ये महिलांच्या जागा निम्म्यावर नेल्या. ताईंना खुर्ची मिळाली, शिक्का यजमानांच्या खिशात राहिला.

दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडला मात्र भाषणाविना काम झाले. चार-दोन रुपयांची बचत ठेवून घ्यायला बँका तयार नव्हत्या, म्हणून सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका अक्षरे गिरवायला बसल्या. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी साहेबांशी पैज लावली: कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटर न घेता सांगावे. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. सशक्तीकरणाच्या व्याख्यानमाला त्यानंतर तिच्याभोवती जमल्या.

सांगलीत तर उद्धारकांचीच पंचाईत झाली. 1996 पासून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ चालवणाऱ्या बायका ‘आम्हाला सोडवा’ म्हणतच नाहीत. पोलिसांनी नीट वागावे, दवाखान्यात माणसासारखी वागणूक मिळावी, असे मागणे मांडतात. अमेरिकेने एड्ससाठीच्या मदतीबरोबर वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट घातली, तेव्हा त्यांच्यासोबतच्या ‘संग्राम’ संस्थेने मदतच नाकारली. डॉलर नाकारणाऱ्या अबलेवर भाषण कसे बसवायचे?

नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदाच सांगतो. तुमच्या गावात ती शेवटची कधी झाली, हे एकदा सरपंचांना विचारा. सरपंचांनाच विचारा, त्यांच्या यजमानांना नको.