टॅपेटची टिकटिक आणि फणसाचा कान

कॅमशाफ्ट आणि टॅपेट झिजल्याचे पहिले लक्षण म्हणजे आवाज. दुसरे, आपल्याला त्या आवाजातले कळते असे गाडीच्या मालकाला वाटू लागणे. रत्नागिरीत दुसरे लक्षण आधी दिसते.

प्रीमियर पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात आठ टॅपेट असतात. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने चालते. बेअरिंगचा आवाज जड, ढबढब. मॅनिफोल्डची गळती टॅपेटसारखीच वाजते, पण इंजिन तापले की बहुधा मंदावते.

कोकणी कानाचे शिक्षण मात्र फणसावर होते. बोटाच्या पेराने वाजवल्यावर ‘टण्’ आले तर फणस कच्चा, ‘बद्’ आले तर तयार. कापा की बरका, हे आवाजावरून सांगता येत नाही, सांगणारे पुष्कळ. त्यांनी ‘कापाच’ म्हणून घ्यायला लावलेला फणस घरी बरका निघतो, तेव्हा चूक झाडाची असते. फणस फोडण्यापूर्वी हाताला तेल लावतात. मत देण्यापूर्वी जिभेला काही लावायची पद्धत नाही.

अशाच एका मालकाने (तोच प्रस्तुत लेखक) हातखंब्याला चार माणसांसमक्ष ‘कॅमशाफ्ट गेला’ असे निदान केले. आवाज डॅशबोर्डच्या खणातल्या काजूगरांच्या डब्याचा निघाला.

खरी तपासणी अशी. आधी फिलर गेजने टॅपेटची फट जुळवावी. थोड्याच दिवसांत ती पुन्हा वाढली, तर झीज आहे. मग डायल गेज लावून, इंजिन हाताने फिरवत, प्रत्येक पुशरॉड किती उचलतो ते मोजावे. एखादा कमी उचलत असेल तर त्याचा कॅम झिजला. अशी गाडी आंबा घाटात धापा टाकते. टॅपेटचा तळ नवा असताना किंचित फुगीर असतो, झिजला की खोलगट होतो.

लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावूनही जागा सापडते. त्या मालकाच्या वडिलांना आता दाराची बेल ऐकू येत नाही. त्यांनी मूठ कानामागच्या हाडाला टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, “तिसऱ्या सिलिंडरचा.” फिलर गेजने दुजोरा दिला. मालक त्या दिवशी काही बोलला नाही.

कॅमशाफ्ट नवा घातला तर टॅपेटही सगळे नवेच घालावेत. जुन्यांशी नव्याचे जमत नाही, हे इंजिनापुरते खरे आहे.