बेसभाऊ

गाडीत सगळं आहे, फक्त बेस येत नाही, अशी ज्यांची बारमाही तक्रार असते, ते बेसभाऊ प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये किमान एक तरी असतातच. गाडी चार मीटरच्या आतली, हप्ते अजून चालू, स्टेपनीत हवा आहे की नाही याचा पत्ता नाही. पण डिकीत १२ इंची वूफर. बॉक्सला काळं कार्पेट, वर जाळी, जाळीवर कंपनीचं चकचकीत नाव. पाहुण्यांनी आपली बॅग मांडीवर घेऊन बसायचं. एवढं करून भाऊंचं म्हणणं, ‘आवाज येतोय हो, पण दणका नाही. छातीत बसला पाहिजे.’ आणि त्यावर त्यांना सुचणारा उपाय एकच: १५ इंची. लोक अशा माणसाला गोंगाटाचा शौकीन समजतात, तो मला अन्याय वाटतो. बेसभाऊंना आवाजापेक्षा खरेदी जास्त प्रिय असते, आणि त्यांचा बेस जन्मभर अशक्त राहतो तोही त्यामुळेच.

पुरावा डिकीतच पडलेला असतो. वूफरचा पडदा बाहेर येताना हवा ढकलतो, आत जाताना ओढतो. एकाने भागेना म्हणून भाऊंनी दुसरा वूफर बसवला आणि त्याच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या, तर एक ढकलत असताना दुसरा ओढत असतो. मग दोघे मिळून एकट्यापेक्षाही कमी बेस देतात, आणि भाऊ तिसऱ्याची चौकशी सुरू करतात. खरं तर हे तपासायला पेन्सिल सेल पुरतो. वूफरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवायच्या, सेलचं धन टोक धन वायरीला आणि ऋण टोक ऋण वायरीला क्षणभर टेकवायचं. पडदा टक् करून बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. अर्थिंगची गोष्ट याहून साधी. अ‍ॅम्पची काळी वायर हाताशी आला त्या स्क्रूखाली दाबलेली असते आणि तिच्याखाली कंपनीतून आलेला रंग शाबूत असतो. रंगातून वीज जात नाही. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासून उघड्या पत्र्यावर वायर घट्ट आवळली आणि ती दीड फुटाच्या आत ठेवली, तर निम्म्या गाड्यांतला रुसलेला बेस परत यावा असा माझा अंदाज आहे. बॅटरीकडून येणारी वायर जाडजूड दिसते खरी, पण त्यातला बराचसा जाडपणा रबराचा, आणि आत पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम ६० टक्के वीज वाहून नेतं. इंजिन चालू असताना अ‍ॅम्पवर १४ च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत; प्रत्येक ठोक्याला ते ११ वर घसरत असतील तर अ‍ॅम्प उपाशी आहे. अशा वेळी मोठा वूफर आणणं म्हणजे नळाला धार नाही म्हणून मोठी बादली विकत घेणं.

भाऊंचा हिशोबही ऐकण्यासारखा असतो. ३०० वॅटला एवढा आवाज, तर ६०० ला दुप्पट. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शिवाय खोक्यावर छापलेले १२०० वॅट हे क्षणभराच्या उसळीचे असतात; सतत पेलण्याचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो, आणि बारीक अक्षरं वाचणाऱ्याच्या हातून तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर फारशी खरेदी होत नाही. उलट फुकटात वाढणारे वॅट भाऊ सोडून देतात. वूफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल असतील तर त्या एकापुढे एक जोडल्या की ८ ओहम होतात, समांतर जोडल्या की २. अ‍ॅम्पला २ ओहम झेपत असतील, तर ८ वर तो ढोबळमानाने चौथाई ताकदच देतो. म्हणजे तीन हिस्से पैसे भाऊंनी आधीच मोजलेले असतात, ते एका जंपरच्या तुकड्यासाठी अडून बसलेले असतात.

आणि परीक्षा कशी घेतात पाहा. डिकी उघडायची, आवाज वाढवायचा आणि मागे दोन पावलं सरून, कमरेवर हात ठेवून ऐकायचं. बंद गाडीची इवलीशी जागा खालच्या सुरांना आपणहून बळ देते. डिकी उघडली की ती सगळी मदत सोसायटीच्या आवारात सांडते. सेडान असेल तर उलटाच घोळ. मागची सीट आणि पत्रा मध्ये आल्याने बेस डिकीतच कोंडतो, आणि सीट पाडून पाहायचं कोणाच्या मनात येत नाही. डेकच्या मेनूत वूफरची पातळी कोणीतरी उणे पाचवर नेऊन ठेवलेली असते, तीही तशीच राहते. वहिनी गाडीत असल्या की आवाज कमी होतो आणि भाऊंना वाटतं, बेस आधी गेला. हे मात्र खरं असतं, आणि त्यात वूफरचा दोष नाही. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. वहिनींचाही दोष नाही, हे भाऊंना कोण सांगणार!

आता कोणी म्हणेल, वूफर खरोखरच जळत नाही का? जळतो की. पण त्याचीही खूण फुकट मिळते. चार ओहमच्या कॉइलवर मल्टिमीटर तीन-साडेतीन ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. पडदा दोन्ही तळव्यांनी अलगद दाबला आणि आत खरखर लागली, तरी निदान झालं. मग खुशाल नवा घ्या. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भाऊंनी हे सगळं शिकायचं कशाला, फिटिंगवाला आहे ना? आहे, आणि त्याला बहुधा सगळं कळतंही. पण पत्र्याचा रंग घासायचे त्याने किती मागावेत? दोनशे म्हटलं तर भाऊच म्हणतील, ‘घासायचे दोनशे?’ तेच भाऊ नव्या अ‍ॅम्पच्या किमतीत हजार कमी करून घेतले की विजयी मुद्रेने घरी जातात. अशा गिऱ्हाइकाला ‘भाऊ, अ‍ॅम्प कमी पडतोय’ हेच उत्तर द्यायला तो शिकला, तर त्याला लबाड कसं म्हणावं? शेवटी, कट्ट्यावर ‘१५ इंची टाकला’ असं सांगता येतं. ‘दोन वायरी उलट्या होत्या’ हे काही सांगता येत नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीत असे भाऊ असतील, तर एखाद्या रविवारी त्यांची डिकी मागून घ्या. रंग घासा, वायरी सुलट्या करा, डेकमधली पातळी शून्यावर आणा. बेस दणकून येईल. फक्त हे फुकटात झालं असं चुकूनही सांगू नका. इंपोर्टेड वायर टाकली म्हणा आणि निदान दोन हजार तरी घ्या. नाहीतर पुढच्या रविवारी भाऊ पुन्हा लॅमिंग्टन रोडवर दिसतील.